स्वतःला वाढताना

आमच्या शाळेत दर वर्षी मुलांची आरोग्य तपासणी होते. दोन वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "स्ट्रिप उरल्यात, शिक्षकांचीही शुगर बघून टाकते." मी सगळ्यांच्या शेवटी बोट पुढे केलं. मशिनवर २४३ आकडा आला. सिस्टरनी दुसरं बोट टोचून पुन्हा बघितलं, तर २३८. "बाई, सकाळी काय खाल्लंत?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, चहा आणि दोन मारी." तेव्हा मला ते खरंच 'काही नाही' वाटत होतं.

दोन दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर दोन तासांनी २६२, एचबीएवनसी ८.९. हा शेवटचा आकडा मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशोब सांगतो, तो ६.५ किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह. मी तेव्हा ४९ वर्षांची होते.

पुढचे पंधरा दिवस मी जे केलं ते कुणी करू नये. भात बंद, बटाटा बंद, फळं बंद. सकाळी कारल्याचा रस, रात्री नुसतं दुधीचं सूप. शाळेत पाचव्या तासाला फळ्यासमोर उभं राहवेना. सोळाव्या रात्री सगळे झोपल्यावर ओट्यापाशी उभं राहून डब्यातले तीन बेसनलाडू खाल्ले आणि रडले. त्यानंतर हळूहळू जे उमगत गेलं ते इथे लिहिते आहे. कुठली गोळी, किती, कधी, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. माझं बोलणं ताटापुरतं आहे.

१. काहीही बदलण्याआधी आठ दिवस लिहून काढा

डॉक्टरांनी मला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मला वाटलं, त्या छापील तक्ता हातात देतील. त्या म्हणाल्या, "आठ दिवस जे खाल ते वेळेसकट लिहा. चांगलं दिसावं म्हणून काही बदलू नका." मी शाळेतली शंभर पानी वही घेतली. त्यातलं पहिलं पान असं आहे:

५.४० चहा, दोन चमचे साखर. ६.१५ पोह्यांचं मीठ बघायला दोन घास. ६.५० सासूबाईंबरोबर दुसरा चहा. ७.२० मुलाच्या बशीत राहिलेले पोहे. १०.३० स्टाफरूममध्ये चहा, एक पेढा. १.४५ डबा, दोन पोळ्या, बटाट्याची भाजी. ४.३० चहा, दोन मारी. ८.१५ वाढता वाढता भाताचा घास, पिठलं लावून. ९.१० माझं जेवण: एक पोळी, पिठलं, उरलेला सगळा भात.

बाईंनी पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मला तीनदा जेवते असं सांगितलंत. इथे नऊ वेळा खाल्लंय. आणि डबा सोडला तर जेवायला बसल्याचं कुठे दिसत नाही." मला उत्तर सुचलं नाही. चहाचे चार कप म्हणजे साखरेचे आठ चमचे. चमचाभर साखर चार-पाच ग्रॅमची धरली, तरी नुसत्या चहातून ३२-४० ग्रॅम साखर रोज पोटात जात होती, आणि मी सगळ्यांना सांगत होते की मला गोड फारसं आवडत नाही.

२. उरलेलं संपवणं हे आपलं काम नाही

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आहाराच्या कुठल्याही तक्त्यात हे नसतं.

आमच्या घरात, आणि मला वाटतं पुष्कळ घरांत, बाईचं जेवण म्हणजे शेवटी काय उरतं ते. भात जास्त उरला तर भात, भाजी संपली तर चटणी-पोळी. कालची शिळी पोळी आधी मी घ्यायची, ताजी इतरांना. अन्न टाकायचं नाही हा संस्कार आहे आणि तो चांगलाच आहे. पण वही लिहिल्यावर दिसलं की उरतो तो नेहमी भात किंवा पोळी. उसळ, कोशिंबीर, पालेभाजी, ताक माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. मधुमेहात ज्याची गरज ते आधी संपायचं आणि ज्याला आवर घालायचा ते माझ्या वाट्याला यायचं.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, माझं ताट सगळ्यात आधी वाढायला लागले. स्वयंपाक झाला की एका ताटात माझ्या वाटणीचं काढून झाकून ठेवायचं आणि मग इतरांना वाढायचं. पहिले काही दिवस हात जड व्हायचा. आपण आपल्यासाठी आधी काढून ठेवतोय, ते कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं वाटायचं. कुणी काही म्हटलं नाही. दुसरी गोष्ट, तांदूळ मोजून घ्यायला लागले. पूर्वी दोन वाट्या आणि वर मूठभर, "कुणी आलं तर" म्हणून. आता दीड वाटी. उरलाच तर सकाळी फोडणीचा भात होतो आणि तो सगळ्यांत वाटून जातो.

साडेआठला आता आम्ही चौघं एकत्र बसतो. पोळ्या आधी करून ठेवलेल्या असतात. गरम फुलका तव्यावरून थेट ताटात पडत नाही, याची ह्यांना आठवडाभर चुटपुट लागली होती.

३. "भाकरी खा, भात सोडा" एवढ्याने भागत नाही

मधुमेह झाला हे कळल्यावर जो भेटेल त्याने मला भाकरी सांगितली. मीही मनापासून भाकरीवर आले. रात्री दोन भाकऱ्या, पिठलं, ठेचा. दोन तासांनी घरच्या मशिनवर २१४.

माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी थापण्याआधी पिठाचा गोळा वजनकाट्यावर ठेवायचा तर त्यात पाणी आलं. म्हणून कोरडं पीठच मोजलं. माझ्या हातच्या एका भाकरीला ८५ ग्रॅम पीठ लागत होतं. मग फुलक्याचं मोजलं, तर जेमतेम २५ ग्रॅम. म्हणजे दोन भाकऱ्या खाऊन मी जवळपास सात फुलक्यांएवढं पीठ खाल्लं होतं. ज्वारी चांगलीच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्वारीतही १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच. आता मी लहान परातीत लहान भाकरी थापते, ५० ग्रॅमची, आणि एकच. सोबत मोड आलेल्या मटकीची किंवा घेवड्याची वाटीभर उसळ. त्या जेवणानंतर आकडा १५०-१६०च्या घरात राहतो.

दुकानातल्या 'शुगर फ्री' बिस्किटांचंही तेच. साखर काढली तरी मैदा राहतोच. पाकिटामागे कर्बोदकांचा आकडा बारीक अक्षरात असतो, तो वाचायचा.

मशिनचा खरा उपयोग मला इथे कळला. सुरुवातीला मी रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचे आणि आकडा बघून दिवसभर खट्टू व्हायचे. त्यातून शिकायला काही मिळत नव्हतं. मग एकेका पदार्थाची परीक्षा घ्यायला लागले: खायच्या आधी एकदा, पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, आणि दोन्ही आकडे वहीत. स्ट्रिप महाग असतात, म्हणून आठवड्याला दोनच पदार्थ. उपमा, इडली, थालीपीठ, मुगाचं धिरडं, मिसळ. तीन महिन्यांत माझ्या स्वयंपाकघराचा नकाशा तयार झाला. तो माझा आहे; दुसऱ्याच्या शरीरात तोच पदार्थ वेगळा आकडा दाखवू शकतो. आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांना इडली चालते. मला चालत नाही, धिरडं चालतं.

४. ताटाची डावी बाजू आधी

नैवेद्याचं ताट आठवा. वर मधे मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधोमध भाताची मूद, वर वरण आणि तुपाची धार. आपण सुरुवात करतो ती मुदीपासून. मला आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, पदार्थ तेच ठेवा, क्रम उलटा करा. आधी कोशिंबीर, मग उसळ-भाजी, पोळी किंवा भात शेवटी. चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणारं पिष्ट सावकाश पचतं आणि साखर एकदम उसळत नाही.

हे मी दोन सोमवारी करून पाहिलं. दोन्ही दिवशी एक वाटी भात, एक वाटी वरण, काकडीची कोशिंबीर, मटकीची उसळ, तेवढंच. पहिल्या सोमवारी भातापासून सुरुवात: १९६. दुसऱ्या सोमवारी भात शेवटी: १६१. दोन आकड्यांवरून सिद्धांत मांडत नाही, पण माझ्यापुरतं पटायला एवढं पुरलं. भाताचा घास शेवटी खाताना भूक निम्मी भागलेली असते, त्यामुळे तो आपोआप कमी लागतो, हा आणखी एक फायदा.

कोशिंबिरीत चवीपुरती साखर, आमटीत गुळाचा खडा, ठेच्यावरही चिमूटभर, अशी माझ्या हाताची सवय होती. ती सुटायला दोन महिने गेले. दही ताजं असलं की कोशिंबिरीला साखर लागत नाही.

५. शतपावली

रात्री जेवून उठलं की पंधरा मिनिटं चालायचं, लगेच, ओटा आवरण्याआधी. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. माझा दोन तासांचा आकडा त्याने वीस-तीसने उतरतो. पावसाळ्यात गच्चीच्या जिन्याखालच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारते.

६. "तू तर बारीक आहेस"

हे मला डॉक्टर सोडून प्रत्येकाने ऐकवलं, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला ऐकवत होते. उंची पाच फूट एक इंच, वजन ५४ किलो. जाड माणसांना होणारा आजार मला कसा?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अशा भारतीय शरीरावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २००४ साली त्यांचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी आपल्यातल्या अनेकांची ठेवण असते. माझ्या डॉक्टरांनी वजनकाट्याकडे न बघता शिंप्याची टेप घेतली आणि कंबर मोजली. ८६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८०च्या आत असावी असं म्हणतात.

याचा ताटाशी संबंध असा की मला वजन उतरवण्यापेक्षा स्नायू टिकवण्याची गरज जास्त होती. पंधरा दिवस दुधीच्या सुपावर राहून मी नेमकं उलटं करत होते. डाळ, उसळ, दही, अंडं, मूठभर भाजलेले शेंगदाणे, यांतलं काहीतरी आता प्रत्येक जेवणात असतं. डब्यात उकडलेलं अंडं नेते.

७. गूळ

माहेर कराडजवळ आहे. भावाचा ऊस, शेजारच्या गावात गुऱ्हाळ. दर हंगामात एक ढेप आणि काकवीची बाटली घरी येते. निदानानंतरच्या हिवाळ्यात तो ढेप घेऊन आला आणि मी हात पुढे केला नाही, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"आक्का, ह्यो घरचा गूळ हाय. पावडर न्हाय, काय न्हाय. ह्यानं कशी वाढंल साखर?"

मी त्याला म्हणाले, "आबा, तूच सांग, काहिलीत काय ओततात?" उसाचा रसच ओततात. तोच रस कारखान्यात गेला तर साखर होते, गुऱ्हाळात आटवला तर गूळ. गुळात थोडं लोह, थोडे क्षार उरतात, रंग आणि वास उरतो; बाकी बहुतेक सगळी साखरच. मी समजावून सांगितलं, पण त्याला मनातून दुखवल्यासारखं झालंच. बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने कसं यायचं हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मलाच द्यायला हवं होतं. मी त्याच्याकडे बांधावरचे पावटे मागितले. आता दर थंडीत पावट्याच्या शेंगांचं पोतं येतं आणि आम्ही दोघी, मी आणि सासूबाई, दुपारभर सोलत बसतो.

८. उपवासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करा

संकष्टी मी लग्नाआधीपासून धरते. निदानानंतरच्या दुसऱ्या संकष्टीला सकाळी नेहमीप्रमाणे गोळ्या घेतल्या. त्यांतली एक शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी होती. ती घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर घसरते, हे मला सांगितलेलं होतं. पण उपवास म्हणजे पोट रिकामं ठेवणं, हे दोन्ही मी मनात जोडलंच नव्हतं. साबुदाणा नको म्हणून दिवसभरात एक पेला ताक आणि थोडे दाणे खाल्ले. चंद्रोदय रात्री नऊनंतर होता.

संध्याकाळी सातला मोदकाची उकड मळत होते. हात थरथरायला लागले. कपाळावर, मानेवर गार घाम. समोरची परात दोन दोन दिसायला लागली. सासूबाई देवापाशी वाती वळत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून मशिन आणलं. ५८. सत्तरच्या खाली गेलं की लगेच साखर द्यायची, एवढं त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेलं होतं. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पेला माझ्या ओठांना लावला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८१. मग दूध-पोळी खायला लावली.

मी म्हणत होते, चंद्र दिसायचाय. साठ वर्षं संकष्टी केलेली ती बाई म्हणाली, "माझ्या पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात माझ्या सासूने असाच दुपारी उपवास मोडायला लावला होता. खा."

आता मी उपवासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून गोळीचा बदल ठरवते आणि दिवसभर ठरावीक वेळी खाते. साबुदाण्याची खिचडी मात्र सोडली. साबुदाणा हे कंदापासून काढलेलं जवळपास निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनं नाहीत की चोथा नाही. त्याऐवजी अर्धी वाटी भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर. पर्समध्ये साखरेची पुडी कायम असते.

९. फळ चावून खायचं

पेरू, पपई, जांभळं, संत्रं चालतं. चिकू आणि सीताफळ क्वचित, लहान. आंबा मी सोडलेला नाही. अर्धा हापूस, दुपारी चारला, जेवणाला जोडून नाही. आमरस सोडला, कारण वाटीभर रसात किती आंबे गेले ते जिभेला कळत नाही. तसंच उसाच्या रसाचं.

१०. लपवू नका

पहिले चार महिने मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. लोक कीव करतील, 'एवढ्यात?' म्हणतील, ही भीती. पेढा आला की रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायचा. एका हळदीकुंकवाला तिघींनी "एकाने काय होतंय" म्हणत तिळाची वडी तोंडाशीच आणली आणि मी खाल्ली. मग घरी येऊन त्या बायकांवर मनातल्या मनात चिडले. त्यांना माहीतच नव्हतं, तर त्यांचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरळ सांगितलं, "मला मधुमेह आहे, माझा चहा बिनसाखरेचा ठेवा." क्षणभर शांतता झाली. मग एक सर म्हणाले, "माझाही." मग आणखी एक बाई. अकरा जणांत आम्ही तिघं निघालो आणि एकमेकांना पत्ता नव्हता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं आलं आहे. शेजारच्या गोव्यात तर मोठ्या माणसांत हे प्रमाण २६.४ टक्के. तेव्हापासून आमच्या शाळेत चहा बिनसाखरेचाच येतो आणि साखरेची वाटी बाजूला असते. ज्यांना मधुमेह नाही त्यांचीही साखर दोन चमच्यांवरून एकावर आली आहे.

११. वेगळा स्वयंपाक करू नका

माझ्यासाठी वेगळी भाजी, वेगळी पोळी, हे मी महिनाभर केलं आणि थकले. शिवाय वेगळं ताट म्हणजे आजाऱ्याचं ताट, असं वाटत राहतं. आता सगळ्यांना एकच. मुलगा सुरुवातीला कुरकुरला, त्याला बटाटा जास्त मिळतो, एवढाच फरक. तीन महिन्यांनी माझं एचबीएवनसी ७.४ आलं, सहा महिन्यांनी ६.८, मागच्या महिन्यात ६.६. होळीला एक पुरणपोळी खाते, कटाच्या आमटीबरोबर, आणि त्या दिवशी भात घेत नाही.

एकाच स्वयंपाकाचं दुसरं कारण माझी मुलगी आहे. ती २४ वर्षांची, पुण्यात नोकरीला, माझ्यासारखीच सडसडीत. गेल्या दिवाळीत मी आग्रहाने तिची तपासणी करून घेतली. एचबीएवनसी ५.८ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मला दोन रात्री झोप लागली नाही. ती सकाळी न खाता निघते, दुपारी मिळेल ते, रात्री डब्याचं झाकण उघडून लॅपटॉपसमोर किंवा ओट्यापाशी उभी राहून. ही सवय तिने कुठे बघितली होती, ते मला ठाऊक आहे.

काल रात्री सव्वानऊला तिचा फोन आला. "आई, जेवलीस? बसून?"

"बसून. मेथीची भाजी, मुगाची उसळ, अर्धी वाटी भात. आणि तू?"

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं. ती म्हणाली, "थांब, ताट घेते."